हिशेबी साहसाचा कैवार

काही शब्दांना आपल्या भाषेत उगाचच सुखाचे दिवस आले आहेत, आणि काही बिचारे विनाकारण बदनाम झाले आहेत. 'बेधडक' हा शब्द पहिल्या जातीचा. बेधडक बोलणारा, बेधडक वागणारा, बेधडक उडी घेणारा माणूस आपल्याला आवडतो. 'हिशेबी' हा शब्द दुसऱ्या जातीचा. अमुक माणूस हिशेबी आहे असे कोणी म्हटले, की तो कवडीचुंबक, घाबरट आणि रुक्ष असणार, असे आपण धरूनच चालतो. या बदनाम शब्दाचे वकीलपत्र घेऊन मी आज वाचकांच्या दरबारात उभा आहे. पुरावा म्हणून मी फटफटीवरचा एक सहा दिवसांचा प्रवास सादर करणार आहे. तो प्रवास अजून झालेला नाही. तो नुसता आखलेला आहे. माझ्या दाव्याच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे आहे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकाला, सान दिएगो शहराजवळ, मी गेली वीस वर्षे राहतो. घरापासून अर्ध्या तासावर मेक्सिकोची सरहद्द आहे. सरहद्द ओलांडली की बाहा कॅलिफोर्निया नावाचे लांबच लांब द्वीपकल्प सुरू होते. पश्चिमेला पॅसिफिक महासागर, पूर्वेला कॅलिफोर्नियाचे आखात, आणि मध्ये सुमारे १२०० किलोमीटर लांबीची, डोंगराची आणि वाळवंटाची चिंचोळी पट्टी. उत्तरेच्या तिहुआनापासून दक्षिण टोकापर्यंत जाणारी पक्की सडक १९७३ साली पुरी झाली. सडक सोडून आत वळले की मातीच्या वाटा, कोरड्या नद्यांची पात्रे, आणि पिठासारख्या मऊ धुळीचे खड्डे लागतात. या धुळीत चाक रुतले म्हणजे बैलही कामाचा नाही. या आडवाटांनी, दिवाळी आटोपली की, चार जणांनी सहा दिवस हिंडून यावे असा आमचा बेत आहे. चौघांत मी वयाने वडील. माझा भाचा सर्वांत लहान, इथल्या एका विद्यापीठात शिकतो. उरलेले दोघे आमचे स्नेही.

बेत जाहीर होताच दोन बाजूंनी माझ्यावर तोफा सुरू झाल्या. पहिली तोफ सांगलीची. आमच्या आत्याने फोनवर सांगितले, "अरे, तिकडे माणसे कापतात म्हणे! आणि या वयात फटफटी? घरात बसून चकल्या खा." दुसरी तोफ घरातली. मी टेबलावर नकाशा पसरून पेट्रोलचे कोष्टक मांडीत होतो, तेव्हा भाचा हसून म्हणाला, "मामा, तुम्ही याचं ऑफिस करून टाकलंत. सगळं आधीच ठरवायचं तर मग मजा काय राहिली? निघायचं आणि बघायचं!"

वरवर पाहता ही दोन मते एकमेकांच्या उलट आहेत. एक म्हणते जाऊच नका, दुसरे म्हणते विचारूच नका. पण माझे स्पष्ट म्हणणे असे आहे, की ही दोन्ही मते सख्खी भावंडे आहेत. दोघांनाही नकाशाकडे पाहायचे नाही. भित्र्याला वाटते, पाहिले तर जावे लागेल. बेफिकिराला वाटते, पाहिले तर थांबावे लागेल. मधल्यामध्ये नकाशा तसाच घडी घालून राहतो.

आधी आत्याचा समाचार घेतो. वडीलधाऱ्यांचा मान पहिला.

आत्या म्हणते ते निव्वळ खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. २०२४ च्या एप्रिलअखेरीस एन्सेनादाच्या दक्षिणेला, समुद्रकाठी एकांतात तंबू ठोकून राहिलेल्या तीन तरुणांचा खून झाला. ते लाटांवर खेळायला आलेले परदेशी पाहुणे होते. त्यांच्या गाडीसाठी आणि तिच्या चाकांसाठी हे झाले, असे तिथल्या सरकारी वकिलांनी सांगितले. ही बातमी वाचून ज्याच्या पोटात गोळा आला नाही, त्याने प्रवासाच्या गोष्टी करू नयेत. पण या बातमीतून आत्या जो धडा काढते तो मला मान्य नाही. आत्याचा धडा आहे, 'मेक्सिको वाईट'. माझा धडा आहे, 'वस्तीपासून दूर, एकट्याने, उघड्यावर मुक्काम नको'. पहिला धडा काढायला डोके लागत नाही. दुसऱ्यासाठी सहा रात्रींचे सहा मुक्काम कुठे, कुणाच्या अंगणात, कुणाच्या ओळखीने, हे बसून ठरवावे लागते. आम्ही ते ठरवले आहे.

शिवाय मेक्सिकोचे नाव काढले की मराठी माणसाला फक्त दरोडेखोर आठवावेत, याची मला लाज वाटते. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे आपल्याला आठवू नयेत? गदर चळवळीतला हा क्रांतिकारक १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचला. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत त्याने अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिवेरासारख्या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्याला स्थान दिले. चापिंगोला २०२२ साली त्याचा पुतळाही उभा राहिला. ज्या देशाने आपल्या एका निर्वासित माणसाला भाकरी दिली, काम दिले आणि मान दिला, त्या देशाला एका बातमीवरून फाशी देणे हे कृतघ्नपणाचे आहे. आत्या, तू रागावू नकोस. पण चकल्या खाताना एवढे लक्षात ठेव.

आता भाच्याकडे वळतो. त्याचा पक्ष अधिक धोक्याचा आहे, कारण तो अधिक आकर्षक आहे.

भाच्याच्या पक्षाजवळ एक आवडते उदाहरण आहे. १९६२ साली डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन हे दोघे होंडाच्या अडीचशे सीसीच्या फटफट्यांवर तिहुआनाहून निघाले आणि ला पास गाठले. तेव्हा पक्की सडक नव्हती. सुमारे दीड हजार किलोमीटरचा तो खडतर पल्ला एकिन्सने ४० तासांच्या आसपास तोडला. या पराक्रमातून पुढे शर्यतींचे वेड वाढले, आणि १९६७ पासून तिथे मोठी शर्यत भरू लागली. 'बाहा १०००' या नावाने ती जगभर माहीत आहे. "बघा मामा," भाचा म्हणतो, "ते कुठे कोष्टकं मांडत बसले होते?"

अरे बाबा, नीट वाच. एकिन्स हा काही काल फटफटीवर बसायला शिकलेला पोरगा नव्हता. वाळवंटातल्या शर्यतींत मुरलेला गडी होता. त्यांच्या पाठीशी कारखानदार होता, नव्या गाडीची जाहिरात व्हायची होती. वेळेचा पुरावा राहावा म्हणून निघताना आणि पोहोचल्यावर तारघरातून तारा करण्याची व्यवस्थासुद्धा आधी ठरली होती. इतके असूनही एकाच्या गाडीचे यंत्र वाटेत बिघडले आणि तो मागाहून, रखडत पोहोचला. ज्याला तू बेधडकपणाचा पुरावा समजतोस, तो हिशेबीपणाचा पुरावा आहे. पराक्रमाच्या गोष्टी सांगताना तयारीची पाने आपण गाळतो, आणि मग गाळलेली पाने नव्हतीच असे मानू लागतो.

आपल्या इतिहासाचेही आपण असेच केले आहे. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले ते आपण पोवाड्यांत ऐकतो, आणि आपले बाहू स्फुरण पावतात. पण अंगरख्याखालचे चिलखत, जावळीच्या रानात दबा धरून बसवलेल्या तुकड्या आणि ठरलेली इशारतीची तोफ, यांवर कुणाचे बाहू स्फुरत नाहीत. महाराज मोठे हिशेबी होते, असे म्हणण्याची आपल्याला चोरी वाटते. मला वाटत नाही.

आता आमचा हिशेब वाचकांपुढे ठेवतो. कंटाळा करू नये; घरातील भाजणी करणाऱ्या सर्व स्त्रियांना तो लगेच कळेल. तांदूळ किती, हरभरा डाळ किती, उडीद किती, हे ज्या घरात मापाने ठरते, त्या घरात चकली खुसखुशीत होते. 'टाकायचे आणि बघायचे' या तत्त्वावर आजवर एकही चकली नीट तळली गेलेली नाही.

पहिला हिशेब पेट्रोलचा. एल रोसारियो हे गाव सोडले, की गेरेरो नेग्रोपर्यंत सुमारे ३५० किलोमीटर जवळजवळ निर्मनुष्य आहेत. शेवटच्या टप्प्यापर्यंत भरवशाचा पंप नाही. मधे काताविन्या नावाच्या वस्तीत रस्त्याकडेला पिंपातून आणि डब्यांतून पेट्रोल विकणारे बसतात. बहुधा बसतात, पण त्यांनी बसलेच पाहिजे असा काही कायदा नाही. आमच्या गाडीची टाकी १३ लिटरची. पक्क्या सडकेवर लिटरला २० किलोमीटर धरले तर २६० किलोमीटर झाले. म्हणजे सरळ सडकेनेही ९० किलोमीटर कमी पडतात. वाळूत लिटरला १४ मिळाले तर १८२ वरच गाडी उभी! ही तीन ओळींची त्रैराशिके तिसऱ्या इयत्तेतली आहेत. ती टेबलावर केली तर कागद खर्च होतो. वाळवंटात केली तर माणूस खर्च होतो.

दुसरा हिशेब पाण्याचा आणि ऋतूचा. उन्हाळ्यात आखाताच्या बाजूला पारा चाळिशीच्या वर जातो, आणि उन्हाळ्याच्या शेवटापासून वादळांचा हंगाम असतो. म्हणून नोव्हेंबर. तरीही दर माणशी दर दिवशी निदान ४ लिटर पाणी, आणि ते एका गाडीवर नव्हे, चारही गाड्यांवर वाटून. कारण पाण्याची गाडीच दरीत गेली तर काय?

तिसरा हिशेब उजेडाचा. सूर्य मावळला की गाडी बंद. याचे कारण दरोडेखोर नव्हे, गुरे! या मुलखात गुरे मोकळी चरतात, आणि रात्री डांबराची ऊब त्यांना आवडते. सडक अरुंद, कडेला पाय टेकायला जागा नाही, आणि वळणावर काळी गाय. ज्यांना सरहद्दीपलीकडच्या टोळ्यांची भीती वाटते, त्यांनी आधी या गायीची भीती बाळगावी असा माझा नम्र सल्ला आहे.

चौथा हिशेब कागदांचा, आणि इथे भाच्याचे भवितव्य टांगलेले आहे. तिहुआनाच्या नाक्यावर एक गंमत आहे. मेक्सिकोत शिरताना बहुतेक वेळा कुणी थांबवतच नाही; गाडी सरळ आत जाते. बेफिकीर माणूस यातच फसतो. प्रवासाचा परवाना हवा असेल तर आपणच गाडी बाजूला लावून कचेरीत जायचे आणि मागून घ्यायचा. अमेरिकेतला विमा तिथे चालत नाही. मेक्सिकोचा वेगळा घ्यावा लागतो. अपघातात कुणी जखमी झाले आणि भरपाईची हमी दाखवता आली नाही, तर जबाबदारी ठरेपर्यंत अटकेत राहण्याची पाळी येऊ शकते. बाहाच्या द्वीपकल्पापुरता गाडीला तात्पुरत्या आयातीचा परवाना लागत नाही. पण ला पासहून बोटीने मुख्य भूमीवर जाण्याची लहर आली, की लागतो. म्हणून आम्ही त्या लहरीला आधीच रजा दिली आहे.

आणि भाचा? त्याचा पासपोर्ट भारताचा. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टात असेल तर भारतीय माणसाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण तो चालू मुदतीतला हवा, आणि परतताना विद्यापीठाच्या कागदावर प्रवासाची सही हवी. समजा, कोरड्या नदीच्या पात्रात गाडी आडवी झाली आणि पासपोर्टाची पिशवी हरवली. तर आपली वकिलात मेक्सिको सिटीत, आणि हा बाहाच्या वाळूत! ज्या अभ्यासासाठी माझ्या बहिणीने आणि मेव्हण्यांनी घर गहाण ठेवले, तो एका प्लॅस्टिकच्या पिशवीवर अवलंबून. 'निघायचं आणि बघायचं' म्हणणाऱ्याने हे कर्ज कुणी फेडायचे, तेवढे आधी सांगावे.

इथे माझ्या तक्रारीचे मूळ आहे. बेहिशेबी साहसाचाही हिशेब असतोच. फक्त तो दुसऱ्याच्या खाती मांडलेला असतो. तुम्ही पेट्रोल न मोजता वाळवंटात शिरलात, की तुमचे पेट्रोल कुणीतरी दुसरा मोजतो. तो कोण? डोंगराआड चार शेरडे आणि दहा गुरे राखून राहणारा शेतकरी, किंवा आखातावरचा कोळी. त्याच्या जुन्या मालमोटारीत आठवड्याचे पेट्रोल असते. तो बाजार चुकवून, पन्नास मैल जाऊन तुम्हाला ओढून आणतो. माणुसकी म्हणून आणतो. तुम्ही घरी येऊन चित्रे दाखवता आणि 'काय थरार होता' असे सांगता. त्या थराराची किंमत त्याने भरलेली असते. आजकाल उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रे मिळतात. कळ दाबली की मदत मागता येते. आम्हीही एक घेतले आहे. पण ती कळ दाबल्यावर आकाशातून देवदूत उतरत नाहीत. पक्क्या सडकेवर मेक्सिको सरकारच्या 'हिरव्या देवदूतां'च्या मदतगाड्या फिरतात. आडवाटेवर शेवटी कुणाचा तरी झोपलेला मुलगाच उठवला जातो.

या शेतकऱ्याची आणि आमची बरोबरी नाही, हेही सांगितले पाहिजे. १८४८ च्या तहाने वरचा कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला आणि बाहा मेक्सिकोकडे राहिला. नकाशावर एक रेघ आली. त्या रेघेतून दक्षिणेला मी शीळ घालीत जातो. उत्तरेला यायचे म्हटले, तर पेट्रोल देणाऱ्या त्या माणसाच्या वाट्याला भिंत येते. १९९४ पासून सान दिएगोजवळचा पहारा कडक झाला, तसे लोक पूर्वेकडच्या डोंगरातून आणि वाळवंटातून येऊ लागले, आणि तहानेने मेले. त्यांच्याजवळ नकाशा नव्हता, भरलेले डबे नव्हते, उपग्रहाचे यंत्र तर नव्हतेच. ज्यांना हे सर्व परवडते, त्यांनी ते घरी ठेवून 'मजा' म्हणून तहानेशी खेळ करावा, याला मी साहस म्हणणार नाही. याला माझ्या कोशात माजोरीपणा म्हणतात.

म्हणून आमच्या कोष्टकात पेट्रोलाखेरीज आणखी काही रकाने आहेत. शेताचे फाटक उघडे असेल तर उघडे ठेवायचे, मिटलेले असेल तर मिटायचे. वाट सोडून निवडुंगाच्या रानात चाक घालायचे नाही. सिरियो नावाचे उलट्या गाजरासारखे अजब झाड तिथे आहे, ते फार सावकाश वाढते. सान बोर्हाच्या जुन्या दगडी मिशनपाशी थांबायचे, पण हे विसरायचे नाही, की पाद्री आल्यानंतर देवी आणि गोवर यांनी तिथल्या मूळच्या कोचिमी लोकांची वस्ती जवळजवळ पुसून टाकली. वाळवंट रिकामे नाही. ते रिकामे झालेले आहे. आणि जेवण, निवारा, पेट्रोल हे सारे तिथल्याच माणसांकडून, रोख पैसे मोजून घ्यायचे.

"मग मजा?" भाचा पुन्हा विचारतो. त्याला मी पंढरीची वारी दाखवतो. आळंदीहून निघालेल्या पालखीचा प्रत्येक मुक्काम ठरलेला असतो. दिंड्यांचा क्रम ठरलेला, रिंगणाची जागा ठरलेली, पाण्याची सोयसुद्धा ठरलेली. म्हणून वारकऱ्याच्या आनंदात काही उणे पडते का? उलट, उद्या भाकरी कुठे मिळणार ही चिंता नाही, म्हणूनच तो मोकळ्या गळ्याने गाऊ शकतो. बेत केल्याने अनपेक्षित गोष्टी घडायच्या थांबत नाहीत. त्या घडल्या तर त्यांच्याकडे डोळे भरून पाहायला सवड मिळते, एवढेच. ज्याचा जीव पेट्रोलच्या काट्यात अडकला आहे, त्याला चांदणे दिसत नाही.

या सर्व कोष्टकात सर्वांत मोलाचा रकाना मात्र माझा नाही. आमच्या सौभाग्यवतीचा आहे. तिने ना आत्यासारखी मनाई केली, ना भाच्यासारखी टाळी वाजवली. तिने एकच विचारले, "कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत तुमचा निरोप आला नाही, तर मी कुणाला फोन करायचा?" चार अनुभवी माणसांनी तीन आठवडे डोके खाजवून जे लिहिले नव्हते, ते तिने एका वाक्यात मागितले. त्या रात्री आम्ही नवा कागद केला: रोजचा मुक्काम, रोजची निरोपाची वेळ, त्यानंतर किती तास वाट पाहायची, आणि मग कुणाला कळवायचे. त्याच्याच खाली आणखी एक नियम लिहिला: चौघांपैकी कुणीही एकाने 'परत फिरू' म्हटले, तर कारण न विचारता चौघांनी परतायचे. भाच्याने त्यावर जरा कुरकुरत का होईना, सही केली आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी फारच थोडे बाहाला जातील. पण सुट्टीत तुमच्या घरचा कुणी मुलगा सह्याद्रीच्या कड्यावर जाईल, कुणी मुलगी हिमालयात जाईल, कुणी चार मित्र फटफट्या घेऊन लडाखला जातील. त्यांना आत्यासारखे अडवू नका. आणि 'वाघ आहे आमचा' म्हणून नुसती पाठही थोपटू नका. फराळाचे ताट पुढे ठेवा, शेजारी बसा, आणि विचारा: पाणी किती घेतलेस? अंधार पडायच्या आत कुठे पोहोचशील? निरोप आला नाही तर मी कुणाला फोन करू? त्याला उत्तरे देता आली, तर खुशाल जाऊ द्या. नाही आली, तर कागद-पेन्सिल द्या आणि आणखी एक लाडू वाढा. हिशेबाला वेळ लागतो.